मे महिन्यात डेस्कटॉप आपोआप बंद पडतो. कॅबिनेटला जादा पंखे लावून फायदा होईल का?

तुम्ही लिहिलंय की दुपारी तासभर काम केलं की मशीन फटकन बंद पडतं, कॅबिनेटला मागचा एकच पंखा आहे, आणि दुकानदार अडीच हजारांत रंगीत दिव्यांचे चार पंखे बसवून देतो म्हणतोय. बसवावेत का?

लगेच नको. मी अकोल्याचा, लग्नाचे व्हिडिओ एडिट करणं हा माझा धंदा. म्हणजे आमचा सीझन आणि ४४-४५ अंशांचा पारा एकाच वेळी येतात. या दुखण्यावर मी पैसे घालवून बसलोय, म्हणून सांगतो.

आधी एक फुकटची परीक्षा करा. एचडब्ल्यूमॉनिटरसारखं एखादं सॉफ्टवेअर टाका, नेहमीचं जड काम अर्धा तास चालवा आणि प्रोसेसरचं तापमान कागदावर लिहून ठेवा. मग कॅबिनेटचं बाजूचं झाकण काढून तेच काम पुन्हा करा. दोन्ही वेळा खोली सारखीच तापलेली हवी. दुपारी दोनचा आकडा रात्री दहाच्या आकड्याशी लावू नका. झाकण काढल्यावर आकडा आठ-दहा अंशांनी उतरला तर आत गरम हवा कोंडतेय, पंख्यांचा उपयोग होईल. जेमतेम दोन-तीनचा फरक पडला तर दुखणं प्रोसेसरवरच्या कूलरचं, म्हणजे त्याच्यावर बसवलेल्या पत्रे-पंख्याच्या जोडीचं आहे, तिथे चार काय चाळीस पंखे लावले तरी काही होत नाही.

तिसरी शक्यताही ध्यानात ठेवा. प्रोसेसर तापला की एकदम मान टाकत नाही. शंभर अंशांच्या आसपास तो आधी स्वतःचा वेग कमी करतो, काम रखडायला लागतं, आणि तरीही तापत राहिला तरच मशीन बंद होतं. तुमचा आकडा ७५-८० च असेल आणि तरी ते फटकन बंद पडत असेल, तर एसएमपीएसवर, म्हणजे मशीनला वीज पुरवणाऱ्या आतल्या डब्यावर संशय घ्या. तो उघडून बघायला मात्र जाऊ नका, प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये वीज राहते.

आता माझी फजिती. तीन वर्षांपूर्वी रेंडर, म्हणजे एडिट केलेल्या व्हिडिओची शेवटची फाइल बनणं, अर्ध्यावर जाऊन मशीन बसायचं. मी काहीही न मोजता दिव्यांचे सहा पंखे आणले आणि रविवारी स्वतःच बसवले. दिवे दिसले पाहिजेत म्हणून सगळ्यांची चमकती बाजू बाहेर ठेवली. पुढचे तीन बरोबर बसले. पण मागचा एक आणि वरचे दोन उलटे झाले, म्हणजे सहाच्या सहा पंखे हवा आत ओढतायत आणि बाहेर काढायला एकही नाही! शिवाय कॅबिनेट कुठे, तर कॉम्प्युटर टेबलाच्या त्या खणात, ज्याला लोक सीपीयूची जागा म्हणतात. तीन बाजूंनी प्लाय, पुढे दार, मागे केबलपुरतं भोक, आणि शेजारी यूपीएस. मशीनने टाकलेली गरम हवा खणातच फिरायची आणि तेच पंखे ती परत आत घ्यायचे. तापमान आधीपेक्षा चार अंशांनी वाढलं.

पंख्याची दिशा ओळखणं सोपं आहे. ज्या बाजूला आडव्या पट्ट्यांनी मोटर धरलेली असते आणि मध्ये स्टिकर असतो, त्या बाजूने हवा बाहेर पडते. नुसती पाती दिसतात ती ओढणारी बाजू. खात्री नसेल तर पेटवलेली उदबत्ती पंख्यापासून वीतभर लांब धरा. धूर कुठे ओढला जातो ते लगेच दिसतं. राख तेवढी आत पडू देऊ नका.

मी सगळं काढलं आणि पुन्हा सुरुवात केली. कॅबिनेट आधी खणातून बाहेर, भिंतीपासून हातभर लांब. मग प्रोसेसरवरचा कूलर. त्याचा पंखा काढला तर खालच्या पत्र्यांवर धुळीची घोंगडी बसलेली! पंखा अंगठ्याने दाबून धरून ब्लोअर मारा. मोकळा सोडला तर तो भन्नाट फिरून बेअरिंगची वाट लागते. प्रोसेसरबरोबर आलेला साधा कूलर चार प्लास्टिकच्या खुंट्यांवर बसतो, आणि माझ्याकडे त्यातली एक खुंटी कधीची सुटलेली होती. कूलर एका कोपऱ्यात केसभर उचललेला, एवढंच. प्रोसेसर आणि कूलरच्या मध्ये उष्णता पोचवायला लावतात ती जुनी पेस्ट वाळून खपली झाली होती. ती पुसून तुरीच्या दाण्याएवढी नवी घातली, समोरासमोरच्या खुंट्या जोडीने दाबल्या. आकडा चौदा अंशांनी उतरला. जादा पंखे अजून खोक्यातच होते.

तुमच्या परीक्षेत पंख्यांची गरज निघालीच, तर दोन पुरेत. पुढून खालच्या बाजूला दोन १२० मिलिमीटरचे हवा आत घेणारे, आणि मागचा आहे तो बाहेर टाकणारा. गरम हवा वर चढते हे खरं, पण पंख्याच्या रेट्यापुढे त्या चढण्याला फारशी किंमत नाही. पुढून आत, मागून बाहेर असा सरळ रस्ता मिळाला की झालं. आत येणारी हवा बाहेर जाणारीपेक्षा थोडी जास्त ठेवली की फटीफटीतून धूळ ओढली जात नाही, ती पुढच्या जाळीवर अडते आणि जाळी धुता येते. कॅबिनेटचं तोंड अख्ख्या काचेचं असेल तर मात्र पुढचे पंखे नुसते घरघरतात, त्यांना हवा मिळतच नाही.

पंखा साधा, बिनदिव्याचा घ्या. कॅबिनेटमध्ये १४० मिलिमीटरची जागा असेल तर तो जास्त चांगला, कमी फेऱ्यांत तेवढीच हवा देतो आणि आवाज कमी करतो. मदरबोर्डवर जोडताना तीन पिनांचा की चार पिनांचा ते बघा. तीन पिनांचा पंखा चार पिनांच्या जागी बसतो, पण बायोसमध्ये (मशीन सुरू होताना उघडता येणारं सेटिंगचं पान) तिथलं सेटिंग पीडब्ल्यूएमवर, म्हणजे चौथ्या पिनेने वेग ठरवण्यावर असेल तर तो कायम पूर्ण वेगाने बोंबलतो. ते डीसीवर, म्हणजे व्होल्टेज कमी-जास्त करून वेग ठरवण्यावर करा. एका जागी साधारण एक अँपिअरची मर्यादा असते, त्यामुळे वाय केबल (एकाला अनेक फाटे फुटलेली वायर) लावून चार-पाच पंखे एकाच पिनेवर लटकवू नका. आणि दिव्यांचा मोह झालाच, तर दिव्यांची पाच व्होल्टची वायर बारा व्होल्टच्या पिनांवर लावू नका, दिवे गेलेच म्हणून समजा.

एक गोष्ट दुकानदार सांगणार नाही. पंखा खोलीतली हवाच आत ढकलतो, ती थंड करत नाही. तुमचा प्रोसेसर जड कामात खोलीपेक्षा ५० अंश जास्त तापत असेल, तर डिसेंबरच्या २५ अंशांत तो ७५ वर राहतो आणि मेच्या ४२ मध्ये ९२ वर जातो. मशीन तेच, पंखे तेच. जादा पंख्यांनी त्या ५० चे फार तर ४२ होतील. खोलीच दहा अंशांनी उतरली तर ते दहाच्या दहा पदरात पडतात. आमच्याकडे हवा कोरडी, त्यामुळे डेझर्ट कूलरने खोली चांगलीच उतरते. फक्त त्याचा झोत थेट कॅबिनेटवर घेऊ नका, बारीक तुषार आत जातात. मी कूलर खिडकीत आणि मशीन समोरच्या कोपऱ्यात ठेवतो, मोठं रेंडर रात्री अकरानंतर लावतो आणि झोपतो.

तर अडीच हजार सध्या खिशातच ठेवा. ब्लोअर कुणाकडून तरी मागून आणा आणि पेस्टची एक नळी घ्या. त्या सहा पंख्यांपैकी दोन मी दिव्यांची वायर न जोडता पुढे लावलेत. बाकीचे चार पुतण्याने नेले, त्याच्या खोलीत रात्रभर निळे-जांभळे झगमगतात.