कानामागे सूज आली असेल तर सोमवारची वाट पाहू नका

तुमचा प्रश्न असा : ४ वर्षांच्या मुलीचा कान आठवडाभर वाहत होता, आता वाहणं थांबलंय, पण ताप आहे आणि कानामागे लाल सूज आलीय. सासूबाई लसणाचं तेल टाका म्हणतात. सोमवारी, बाजाराच्या दिवशी नेलं तर चालेल का?

नाही चालणार. आजच न्या. मी डॉक्टर नाही, शेती करतो. पण माझ्या भाच्याला हेच झालं होतं.

पोळ्याच्या आदल्या दिवशी कटिंगला बसवलं, तर न्हावीच म्हणाला, "भाऊ, पोट्ट्याचा हा कान पुढं काऊन आला?" मागून पाहिलं तर खरंच, डावा कान बाहेर ढकलल्यासारखा आणि जरा खाली उतरलेला. कानामागची घडीच सुजेत बुजून गेली होती. चूक आमचीच. आधी कानासाठी दिलेलं औषध ७ दिवसांचं होतं, ताप उतरला म्हणून तिसऱ्या दिवशी बाटली फळीवर ठेवली. तान्हा पोळा त्याने सलाईन लावून काढला.

कानामागे हाताला लागतं ते हाड आतून भरीव नसतं, मधाच्या पोळ्यासारखं पोकळ असतं आणि पडद्यामागच्या कानाशी जोडलेलं असतं. तिथला पू या घरांत शिरला की मधल्या भिंती विरघळतात. मेंदू पातळ हाडापलीकडेच, चेहऱ्याची नस तिथूनच जाते, मोठी रक्तवाहिनीही शेजारीच. म्हणून उलट्या, मान ताठ, पोर सारखं गुंगीत किंवा तोंड वाकडं दिसलं, तर गाडी शोधत बसू नका, १०८ लावा. कान वाहणं थांबलं म्हणजे बरा झाला असंही नाही. कधी पू आतच कोंडतो.

डोक्यात उवा-फोड असले तरी कानामागे गाठ येते, ती बहुधा साधी असते. पण कान वाहिल्यानंतरची सूज, त्यात ताप, हे घरी ठरवायचं काम नाही.

भाच्याला भरती करून शिरेतून अँटिबायोटिक दिलं, सीटी स्कॅन काढला, पडद्याला बारीक छिद्र पाडून पू काढला. दोन दिवसांत फरक पडला नसता तर हाड उघडून साफ करायचं ठरलं होतं. ते टळलं. घरी आल्यावर औषध मात्र शेवटच्या थेंबापर्यंत पाजलं, आणि पुढे ऐकण्याची तपासणीही करून घेतली.

तेलाचं म्हणाल तर, कान वाहिला म्हणजे पडदा बहुधा फाटलेला, आणि अशा कानात डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय काहीच टाकायचं नसतं; तेल नाही, पेरॉक्साइड नाही, काडी तर नाहीच. सासूबाईंना माझं नाव सांगा हवं तर. घरात धाकटं असेल तर न्यूमोनियाची पीसीव्ही लस दीड महिना, साडेतीन महिने आणि ९ महिन्यांना चुकवू नका, सरकारी दवाखान्यात फुकट आहे. कानाचे बरेच जंतू त्याच घराण्यातले. आडवं झोपवून बाटलीने दूध पाजणं आणि चुली-बिडीचा धूर, यांनीही कान बिघडतात.

तालुक्याला कान-नाक-घशाचे डॉक्टर नसतील तर यवतमाळ, अकोला, नागपूरचं मेडिकल किंवा सेवाग्राम, जे जवळ पडेल ते. आधीच्या औषधांची पाकिटं सोबत घ्या, पहिला प्रश्न तोच येतो. रेशन कार्ड आणि आधारही ठेवा, महात्मा फुले योजनेत बसतं का ते आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यातल्या योजनेच्या माणसाला, तिथेच विचारा.