घड्याळापर्यंत आणि परत

दांडिया बाजार, वडोदरा

चिरंजीवास अनेक आशीर्वाद.

तुझे पत्र परवा मिळाले. मित्राचे कमरेचे ऑपरेशन नीट पार पडले, तीन वर्षे पायात उतरणारी कळ शुद्धीवर येताच नाहीशी झाली होती, आणि तरीही आज पंधरा दिवसांनी तो गप्प गप्प का असतो हे तुला उमगत नाही, असे तू लिहितोस. उलट तो पहिल्याच दिवसापासून हसत असता, तर मला अधिक काळजी वाटली असती.

त्याच्या कमरेच्या चौथ्या आणि पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून पायाकडे जाणारी नस दाबली जात होती. डॉक्टरांनी नसेवर आलेला तेवढा तुकडा काढला, दाब गेला आणि कळ थांबली. मात्र कळ थांबणे आणि माणूस बरा होणे यांच्यात बरेच अंतर असते. पाठीच्या जखमेचे दुखणे काही आठवडे राहते. पायाचा बधिरपणा तर त्याहून सावकाश जातो, कारण इजा झालेली नस पुन्हा वाढायची म्हटली तर दिवसाला साधारण १ मिलिमीटर वाढते, आणि कमरेपासून पावलापर्यंतची वाट किती लांब आहे ते तूच मोजून पाहा. शिवाय तीन महिन्यांहून अधिक टिकलेल्या वेदनेला वैद्यक जुनाट वेदना म्हणते. इतका काळ धोक्याची वर्दी देत राहिलेली मज्जासंस्था मूळ कारण दूर झाल्यावरही साध्या हालचालीने दचकते, आणि ते दुखणे खरेच असते. ज्याने तीन वर्षे खुर्चीत बसण्यापूर्वी उठायचे कसे याचा विचार केला, त्याची ती सवय टाक्यांबरोबर काढून टाकता येत नाही.

माझ्या हातून झालेली एक चूक सांगतो. पुष्कळ वर्षांपूर्वी माझ्या एका सहशिक्षकाचे असेच ऑपरेशन झाले होते. मी दर शनिवारी सेव-उसळ घेऊन त्याच्याकडे जात असे आणि दारातूनच विचारत असे, "आता बरं आहे ना?" त्या 'ना'मध्ये उत्तर मीच देऊन ठेवलेले असे. बिचारा दोन महिने 'हो' म्हणत राहिला. एके दिवशी त्याच्या बधिर पावलातली चप्पल जिन्यात निसटली, ते त्याला कळलेच नाही, आणि तो चार पायऱ्या घसरला. सुदैवाने फारसे लागले नाही. पाऊल बधिर असल्याचे त्याने मला का सांगितले नाही, असे मी रागावून विचारले, तेव्हा तो म्हणाला, "तुमचा चेहरा पडला असता." (तिखट उसळही त्या दिवसांत त्याला सोसत नव्हती, हेही तेव्हाच कळले.) वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली वेदनेची व्याख्या सुधारली, तेव्हा दुखत असल्याचे जो सांगतो त्याच्या सांगण्याचा मान राखावा, असे सोबतच्या टिपणात नोंदवले. ते वाचताना मला तो जिना आठवला. म्हणून तू "आज कसा दिवस आहे?" एवढेच विचार, आणि उत्तर वाईट आले तर त्यावर लगेच उपाय सुचवू नकोस.

आता तू त्याच्यासाठी काय करावे, या तुझ्या मुख्य प्रश्नाकडे वळतो. पहिल्या आठवड्यात घर पाहुण्यांनी भरलेले असते. तिसऱ्या आठवड्यापासून कोणी फिरकत नाही आणि नेमका तेव्हा सोबतीचा खरा उपयोग असतो. आठवड्यातले दोन वार ठरव आणि ते मोडू नकोस. डॉक्टरांनी चालायला सांगितले आहे, तर त्याला सकाळी कमाटीबागेत ने. सयाजीराव महाराजांनी १८७९ साली ही बाग लोकांना खुली करून दिली, तिच्या सपाट वाटा अशा माणसाला फार सोयीच्या आहेत. प्रारंभी फाटकापासून फुलांच्या घड्याळापर्यंत जा आणि परत या. परतीची वाटही मोजायची असते, हे मात्र रुग्ण नेहमी विसरतो. ज्या दिवशी बरे वाटते त्या दिवशी तो हौसेने दुप्पट चालतो, मग दोन दिवस अंथरुणाला खिळतो आणि ऑपरेशन फसले असे धरून बसतो. चांगल्या दिवशी त्याला घड्याळापाशी वळवणे हे तुझे काम. वाईट दिवशी तो आपण होऊन वळेलच.

घरी तो उठताना त्याचा हात ओढू नकोस. त्याला कुशीवर वळू दे, पाय खाली सोडू दे आणि हाताच्या रेट्याने उठू दे. काही वेदनाशामक गोळ्यांनी बद्धकोष्ठता होते व कुंथताना कंबर दुखते, हे कोणी संकोचाने बोलत नाही. तेव्हा पाणी आणि फळे यांची आठवण तू ठेव. नसेच्या दुखण्याच्या काही गोळ्या बरे वाटताच एकदम बंद करायच्या नसतात, हे त्याच्या आईच्या कानावर घाल. ताप आला, जखमेतून पाणी येऊ लागले, पायाची शक्ती गेली किंवा पोटरी सुजली, तर डॉक्टरांना त्याच दिवशी कळवायचे. दम लागला, लघवी अडली किंवा बैठकीची जागा बधिर झाली, तर क्षणाचाही विलंब न करता रुग्णालय गाठायचे.

नवरात्रीत त्याला गरब्याला न्यावे का, असे तू विचारले आहेस. वडोदऱ्यात राहून गरबा न खेळणे म्हणजे काय, ते मला सांगायला नको. पण गरब्यात वाकायचे आणि त्याच क्षणी कमरेत वळायचे असते, आणि डॉक्टरांनी नेमके तेच वर्ज्य केले आहे. त्याला मोठ्या मैदानावर नेऊन तासन्‌तास जमिनीवर बसवू नकोस, आणि दया म्हणून तू स्वतःही खेळणे सोडू नकोस. त्याचे ओझे त्याच्याच मनावर पडेल. एखाद्या संध्याकाळी पोळीतल्या, म्हणजे जुन्या वस्तीच्या गल्लीतल्या, गरब्याला आरतीच्या वेळी त्याला घेऊन जा, अर्धा तास थांब, घरी पोचव आणि मग तू मैदानावर जा. तो चिडला, तर चिडू दे.

माझ्याकडे उंच बैठकीची, हातांची एक जुनी सागवानी खुर्ची आहे. सोफ्यावरून उठण्यापेक्षा तिच्यावरून उठणे त्याला पुष्कळ सोपे जाईल. रविवारी टेम्पो घेऊन ये. ती उतरवायला दोन माणसे लागतात, तेव्हा सोबत आणखी कोणाला तरी आण; तो हात लावायला पुढे येईल, त्याला लावू देऊ नकोस.

तुझे
सर