टार डॉट जीझेड फाईल टर्मिनलवर कशी उघडायची? अनझिप एरर देतंय

तुम्ही म्हणताय की अनझिप एरर देतंय आणि नेटवर प्रत्येक जण टार कमांडची वेगळीच अक्षरं सांगतोय, शिवाय फोटो असे बांधून ठेवले तर जागा वाचेल का, हेही विचारलंय. एरर येणारच हो, ती झिप नाहीच मुळात. टार नुसतं गाठोडं बांधतं (नाव टेप आर्काइव्हवरून पडलंय, १९७९ च्या युनिक्सपासूनचं, तेव्हा बॅकअप टेपवर घ्यायचे) आणि जीझिप ते गाठोडं दाबून लहान करतं, म्हणून नावाला दोन शेपट्या.

अक्षरं तीनच लक्षात ठेवा, सी म्हणजे बांधा, एक्स म्हणजे सोडा, टी म्हणजे नुसतं डोकावून बघा, आणि तिघांच्याही शेवटी एफ. म्हणजे टार, स्पेस, एक्सएफ, स्पेस, फाईलचं नाव, झालं काम. जुन्या उत्तरांत मध्ये झेड किंवा जे दिसतो (कोणत्या पद्धतीने दाबलंय ते सांगायला), पण लिनक्सवरचं आताचं टार सोडताना कॉम्प्रेशन स्वतःच ओळखतं. बांधताना मात्र झेड घालायचा, सीझेडएफ.

पण सोडायच्या आधी टीएफ करून बघाच. मी एकदा न बघता डाउनलोड्समध्येच एक गाठोडं सोडलं, आत फोल्डरच नव्हतं, सगळ्या सुट्ट्या फाईली माझ्या फाईलींत मिसळल्या आणि अर्धी रात्र निवडत बसलो, तांदळातले खडे निवडतात तसं. टीएफच्या सगळ्या ओळी एकाच फोल्डरच्या नावाने सुरू होत असतील तर बिनधास्त सोडा, नाहीतर एक रिकामं फोल्डर करा आणि कमांडच्या शेवटी डॅश कॅपिटल सी लावून त्याचं नाव द्या.

अजून एक, एफच्या लगेच पुढे गाठोड्याचंच नाव हवं. ते विसरून मी एकदा सीझेडएफच्या पुढे थेट स्टार डॉट सीएसव्ही (म्हणजे फोल्डरमधल्या सगळ्या सीएसव्ही, तक्त्यांच्या साध्या मजकूर फाईली) लिहिलं, तर टारने पहिल्या सीएसव्हीलाच गाठोड्याचं नाव समजून तिच्यावर बाकीच्या फाईली भरल्या, ती गेली ती गेलीच. एक शब्दही बोललं नाही. आणि बांधायला काहीच दिलं नाही तर मात्र हेच टार म्हणतं की रिकामं गाठोडं बांधायला मी भित्रेपणाने नकार देतोय, खरंच असाच मेसेज येतो इंग्रजीत!

राहिला तुमचा फोटोंचा प्रश्न, तर जागा वाचणार नाही. जेपीजी आधीच दाबलेले असतात, २ जीबी फोटोंचं टार डॉट जीझेड जवळजवळ २ जीबीच भरेल. लॉग किंवा सीएसव्ही असतील तर फरक दिसेल. फोटो एकत्र पाठवायचेत एवढंच असेल तर झेडसुद्धा नको, नुसतं सीएफ करा, वेळ तरी वाचेल.