ट्रेलसाठी पहिली गाडी: एक्सपल्स 200 4व्ही की हिमालयन 450?

उंची साडेपाच फूट, आजवर फक्त स्कूटर आणि 150 सीसी चालवलेली, आणि पावसाळ्यानंतर मावळात कच्च्या रस्त्यांवर फिरायचंय असं तुम्ही लिहिलंय. मग डोळे झाकून हिरोची एक्सपल्स घ्या.

कारण वजन. एक्सपल्स साधारण 160 किलो, रॉयल एनफिल्डची हिमालयन 450 जवळपास 196. शोरूममध्ये हा फरक जाणवत नाही. तो जाणवतो ओल्या चढावर, गाडी आडवी पडलेली असते, पेट्रोलचा वास येत असतो आणि बूट मुरमावरून घसरत असतात तेव्हा. सुरुवातीला दिवसातून चार-पाच वेळा तरी गाडी उचलावी लागते. दुसऱ्या वेळेलाच दम निघाला तर पुढे शिकणार काय?

एक्सपल्सचं पुढचं चाक 21 इंची, ग्राउंड क्लिअरन्स (जमीन आणि गाडीच्या पोटातलं अंतर) 220 मिमी, शिकायला भरपूर आहे. सीट 825 मिमी आहे, दोन्ही टाचा टेकणार नाहीत. चालतं, एक पाय नीट टेकला तरी पुरे. पण एक्सपल्सचंच जास्त उंच प्रो व्हेरियंट आत्ता नको, त्याची सीट 891 मिमी आहे.

हायवेवर मात्र एक्सपल्स ताशी 90 किमीच्या पुढे कुरकुरते. दर महिन्याला लांबचा प्रवास असेल तर हिमालयनचा विचार जरूर करा.

सायलेन्सर बदलण्यात पैसे घालू नका. आधी गुडघ्याचे गार्ड, घोट्याच्या वरपर्यंतचे बूट आणि हँडगार्ड (हँडलच्या मुठी आणि लिव्हरपुढचं कवच) घ्या. हँडगार्ड नसेल तर पहिल्याच पडण्यात क्लचचा लिव्हर तुटू शकतो, आणि जंगलातून गाडी ढकलत आणायची वेळ येऊ शकते.