अरबी ‘शिअ्र हुर्र’ला मुक्तछंद म्हणावे का?

इराकी कवयित्री आणि समीक्षक नाझिक अल-मलाइका (1923–2007) यांच्यावरील लेखात ‘शिअ्र हुर्र’ या संज्ञेसाठी ‘मुक्तछंद’ हा शब्द चालेल का, असा प्रश्न आला आहे. ‘शिअ्र’ म्हणजे काव्य आणि ‘हुर्र’ म्हणजे स्वतंत्र, तेव्हा शब्दार्थ जुळतो. मात्र मराठीत कवी अनिलांच्या लयबद्ध मुक्तछंदापासून आजच्या गद्यप्राय कवितेपर्यंत सारे काही याच शब्दात सामावते, आणि गद्यप्रायतेला तर नाझिक यांचा ठाम विरोध होता.

आठव्या शतकात अल-खलील या विद्वानाने मांडलेल्या अरबी छंदःशास्त्रानुसार ओळीचे दोन भाग, त्यांतील गणांची (लघु-गुरु अक्षरांच्या ठरावीक गटांची) ठरलेली संख्या आणि दीर्घ कवितेतही शेवटपर्यंत टिकणारे एकच अंत्ययमक, अशी बांधणी रूढ होती. इजिप्तमधील पटकीच्या साथीवर 1947 साली लिहिलेल्या ‘कॉलरा’ या कवितेत नाझिक यांनी गण राखला आणि ओळीत तो किती वेळा यावा हे आशयावर सोपवले. याच सुमारास इराकी कवी बद्र शाकिर अल-सय्याब हेही तसे लिहीत होते, त्यामुळे पहिलेपणाचा वाद पुढे बराच चालला.

हा बदल मराठी कानाला सहज उमगावा असा आहे. अरबी मुतकारिब वृत्तातील ‘फऊलुन्’ हा गण म्हणजे लघु-गुरु-गुरु, आपला यगणच. तो चार वेळा आला की मनाच्या श्लोकांचे भुजंगप्रयात होते. आता तोच यगण मोडू न देता ओळी लहानमोठ्या करून पाहाव्यात:

निळे ते नभाचे
दिसे रूप आता नदीच्या तळाशी
कुणी ना

येथे अनुक्रमे दोन, चार आणि एक यगण आहेत. नाझिक यांचे स्वातंत्र्य एवढेच, आणि ते त्यांनी जाणीवपूर्वक आखून घेतले होते. ‘समकालीन काव्याचे प्रश्न’ अशा अर्थाच्या शीर्षकाचा त्यांचा ग्रंथ 1962 साली निघाला. त्यात त्यांनी या रचनेला कोणती वृत्ते मानवतात याचे नियमच घालून दिले. या काटेकोरपणावर समकालीनांनी टीका केली, तरी मला त्यांच्या विद्वत्तेचे खरे बळ तेथेच दिसते.

अरबीत अशा रचनेला पुढे ‘शिअ्र अत्-तफईला’, म्हणजे गणाची कविता, हे अधिक नेमके नाव मिळाले. म्हणून मराठीत मी ‘गणबद्ध मुक्तकाव्य’ असे लिहीन आणि ‘गद्यकविता’ हा शब्द बैरूतच्या ‘शिअ्र’ नियतकालिकाने उचलून धरलेल्या ‘कसीदत अन्-नस्र’साठी राखून ठेवीन.