शार्क, झटका मशीन आणि कमरेची मासळी: वाचकांचे प्रश्न

मुलगा नोकरीसाठी ऑस्ट्रेलियात पर्थला असतो. सुट्टीच्या दिवशी समुद्रात श्वास रोखून बुडी मारतो आणि स्पिअरगनने, म्हणजे भाला सोडणाऱ्या बंदुकीने, मासे मारतो. शार्क दूर ठेवायला मनगटाची चुंबकीय पट्टी घ्यावी की पायाला बांधायचं विजेचं यंत्र, असं त्याने विचारलंय. आम्हाला काय कळणार? तुम्हीच सांगा.
– एक वाचक, अमळनेर

पट्टीवर पैसे घालवू नका. तिला ना बॅटरी ना बटण, म्हणून ती खपते. पण चुंबकाचा जोर अंतराबरोबर झपाट्याने पडतो. अंतर दुप्पट झालं की तो साधारण आठवा हिस्सा उरतो. 2018 साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दक्षिण ऑस्ट्रेलियातल्या नेपच्यून बेटांजवळ पांढऱ्या शार्कसमोर पाच साधनं तपासली गेली. साधन नसताना आमिषाला 96 टक्के वेळा चावा बसला. सर्फिंगच्या फळीवर लावायच्या एका विजेच्या यंत्राने हे प्रमाण 40 टक्क्यांवर आणलं. चुंबकीय पट्टी आणि वासाचं मेण यांनी म्हणण्यासारखा फरक पडला नाही. मात्र शंभरातले चाळीस चावे विजेच्या यंत्रासमोरही बसले, हे मुलाला आवर्जून सांगा.

बुडी मारणाऱ्यांसाठीचं यंत्र घोट्याला बांधतात. त्यामागे सुमारे सव्वादोन मीटरची शेपटी लोंबते. एक इलेक्ट्रोड (वीज पाण्यात सोडणारं टोक) घोट्यापाशी, दुसरा शेपटीत, आणि दोन्हींमध्ये ठरावीक अंतराने विजेचे ठोके. शार्कच्या थोबाडावर बारीक छिद्रं असतात. त्यांच्या आतल्या जेलभरल्या नळ्यांनी तिला भक्ष्याच्या अंगातली अगदी सूक्ष्म वीज कळते. तिथेच मोठा ठोका बसला की ती वळते. पण कुठे वळते? 2016 च्या अभ्यासात पांढरी शार्क पहिल्या खेपेला सरासरी 131 सेंटिमीटरवर आली आणि नंतरच्या प्रत्येक खेपेला साधारण 12 सेंटिमीटर आणखी जवळ. म्हणजे कवच खाटेच्या लांबीएवढंही नाही, आणि शार्कला त्याची सवय होते.

शिवाय हे कवच पायांभोवती असतं. डोकं खाली करून उतरताना डोकं आणि हात त्यापासून सर्वांत लांब जातात. भाल्यावर फडफडणारा मासा तर पूर्णच बाहेर. तो मासा शार्कने नेला, तर यंत्र बिघडलं असं समजायचं कारण नाही.

वापरताना खरी डोकेदुखी शेपटीची. पाण्यावर थांबून गन भरताना ती पाण्यावरच्या फ्लोटला (तरंगत्या खुणेला) बांधलेल्या दोरीत गुंतते, म्हणून दोरी ज्या बाजूला असेल त्याच्या उलट पायाला यंत्र बांधावं. शेपटी पोटरीला घासली की स्नायू उडतो, आणि रोखलेल्या श्वासात तेवढाही दचका महाग पडतो. बुडी तिथेच सोडून वर यायचं. यंत्र पाण्यात उतरल्यावर चालू आणि बाहेर येण्याआधी बंद. दर वेळी गोड्या पाण्याने धुऊन कोरडं करायचं, नाहीतर चार्जिंगच्या टोकांवर क्षार धरतात. पेसमेकर असलेल्याने ते वापरूच नये.

माझा भाचाही हेच करतो, पण यंत्र घ्यायची ऐपत नाही. मारलेले मासे तो कमरेच्या पट्ट्यालाच अडकवतो.
– एक वाचक, धुळे

आधी ती मासळी कमरेवरून उतरवा. रक्त आणि धडपड दोन्ही स्वतःच्या अंगाला बांधून तो पोहतोय. 20 ते 30 मीटर दोरीला मोठा फ्लोट किंवा छोटी तराफी बांधावी आणि मासे पाण्याबाहेर, तिच्यात ठेवावेत. मासा हाती येताच डोळ्याच्या जरा मागे-वर सुरी घालून मेंदू छेदावा. फडफड लगेच थांबते.

गढूळ पाणी, नदीचं मुख, तिन्हीसांजेची वेळ टाळावी. शार्क दिसली तर पाठ दाखवू नये. तिच्याकडे तोंड ठेवून गन मध्ये धरावी, जवळ आलीच तर टोकाने ढकलावं, भाला मारू नये. ती मासा मागत असेल तर देऊन टाकावा आणि सावकाश होडीकडे सरकावं. त्याच जागी पुन्हा उतरण्याचा हट्ट नको.

तराफीत दोन टूर्निके, म्हणजे दांडीने पिळून आवळायच्या रक्त थांबवणाऱ्या पट्ट्या, हव्यात. हातापायाला चावा बसून रक्त उसळत असेल तर जखमेच्या 5 ते 8 सेंटिमीटर वर, सांधा सोडून बांधायची, रक्त थांबेपर्यंत दांडी पिळायची, वेळ लिहून ठेवायची. दवाखाना गाठेपर्यंत सैल करायची नाही.

केळीच्या मळ्याला रानडुकरांसाठी झटका मशीन आहे. तेच वॉटरप्रूफ डब्यात घालून शार्कसाठी चालेल का?
– एक वाचक, रावेर

कल्पना झकास, पण नाही. गवत ओलं होऊन तारेला टेकलं की झटका मरतो, हे तुम्ही पाहिलंच असेल. मशीन काही हजार व्होल्ट देतं, पण त्याची ऊर्जा फार थोडी असते. समुद्राचं पाणी म्हणजे चहूबाजूंनी टेकलेलं ओलं गवत. दोन टोकं त्यात बुडाली की शॉर्ट झाल्यासारखं होऊन व्होल्टेज कोसळतं. शार्कच्या यंत्रात उलट हिशेब असतो: व्होल्टेज कमी, प्रवाह जास्त, मोठे इलेक्ट्रोड. आणि डब्यात पाणी शिरलं, तर पहिला झटका बांधणाऱ्यालाच.

पोरगा सुट्टीत आल्यावर प्रकाशा गावाजवळ तापीत त्याला शार्कच्या यंत्राचा सराव करता येईल का?
– एक वाचक, शहादा

यंत्र खाऱ्या पाण्यासाठी बनलेलं आहे. समुद्राच्या मानाने नदीचं पाणी वीज फारच कमी वाहून नेतं. आणि तापीत वर खानदेशापर्यंत शार्क येणार कुठून? नदीच्या खालच्या अंगाला 1972 पासून उकाई धरणाची भिंत उभी आहे.

काळजी वाटते ती श्वास रोखण्याच्या सरावाची. बुडीआधी भराभर श्वास घेतले की अंगातला कार्बन डायऑक्साइड घटतो, श्वासाची तलफ उशिरा येते आणि माणूस वर येताना न कळत बेशुद्ध होतो. विहिरीत, धरणात एकट्याने हा सराव अजिबात नको. एक खाली असताना दुसऱ्याने वरून बघत राहावं, आणि तो वर आल्यावरही निदान 30 सेकंद त्याच्या तोंडाकडे नजर ठेवून हाताच्या अंतरावर थांबावं.