मातीतून कार्बन डायऑक्साइड मे महिन्यात जास्त निघतो की जूनमध्ये?

प्रश्न: नमस्कार ताई, आम्ही सकाळी नॅशनल पार्कात चालायला जातो. माझी मुलगी कॉलेजात आहे, ती म्हणते जंगलातल्या मातीतूनसुद्धा कार्बन डायऑक्साइड निघतो आणि गरमी वाढली की तो वाढतो. मग मे महिन्यात सगळ्यात जास्त निघत असेल ना? आणि जंगल कार्बन शोषतं म्हणतात त्याचं काय? – एक वाचक, बोरिवली

उत्तर: मुलगी बरोबर सांगतेय, फक्त त्यात पाण्याचा भाग राहिला, आणि मुंबईकडच्या जंगलात तोच मोठा आहे. मातीतला हा गॅस दोन ठिकाणांहून येतो, एक झाडांची मुळं, कारण तीही श्वसन करतात, आणि दुसरं म्हणजे पाचोळा नि मेलेली मुळं कुजवणारे बॅक्टेरिया आणि बुरशी. तापमान १० अंशांनी वाढलं की हे काम ढोबळमानाने दुप्पट वेगाने चालतं, पण कधी, तर मातीत ओल असेल तेव्हाच.

बॅक्टेरिया मातीच्या कणांभोवतीच्या पाण्याच्या पातळ थरात राहतात, त्यांचं खाणं त्याच पाण्यात विरघळून त्यांच्यापर्यंत येतं. मे महिन्यात तो थर तुटतो, म्हणजे गरमी आहे, पाचोळ्याचा ढीग पडलाय, पण खाणं पोचतच नाही. त्यात सागासारखी झाडं निष्पर्ण, त्यामुळे मुळंही मंदावलेली. म्हणून मे महिन्यात गॅस कमीच.

आणि मग जूनचा पहिला पाऊस! काही तासांत मातीतून कार्बन डायऑक्साइडचा लोंढा निघतो. बर्च नावाच्या शास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या मातीवर हे नीट तपासलं, म्हणून याला बर्च इफेक्ट म्हणतात. कोरड्यात मेलेले जीवाणू, तग धरायला पेशींनी साठवून ठेवलेले पदार्थ, ढेकळांच्या आत अडकलेलं खाणं हे सगळं पाणी लागल्याबरोबर एकदम मोकळं होतं आणि जिवंत राहिलेले त्यावर तुटून पडतात. मला तर हा वर्षातला सगळ्यात भारी प्रसंग वाटतो, आपल्याला मातीचा वास येत असतो आणि खाली एवढं सगळं चाललेलं असतं.

जुलैत पुन्हा उलटं, मातीतल्या पोकळ्या पाण्याने भरतात आणि ऑक्सिजन हवेपेक्षा पाण्यात सुमारे १०,००० पट हळू पसरतो, त्यामुळे जिथे पाणी साचून राहतं तिथे कार्बन डायऑक्साइड कमी होतो आणि मिथेन तयार होऊ लागतो. उतारावरची माती लवकर निथळते, तिथे काम चालू राहतं.

थंड देशांत मात्र तापमानाचं जास्त चालतं. अमेरिकेत हार्वर्ड फॉरेस्टमध्ये १९९१ पासून जमिनीत केबल पुरून माती आजूबाजूपेक्षा ५ अंश गरम ठेवली, तर मातीतून निघणारा कार्बन डायऑक्साइड आधी वाढला, मग काही वर्षं थंडावला आणि नंतर परत वाढला.

आता शोषण्याचं. वाढतं जंगल जितकं सोडतं त्यापेक्षा जास्त घेतं, म्हणून ते शोषतं म्हणायचं. पण जगातल्या मातीच्या वरच्या एक मीटरमध्येच अंदाजे १५०० अब्ज टन कार्बन आहे, हवेतल्यापेक्षा जास्त, त्यामुळे हा साठा सांभाळायलाच हवा.

प्रश्न: पाचोळा कुजूनही कार्बन डायऑक्साइडच निघतो, मग सोसायटीत जाळला तर काय बिघडलं? – एक वाचक, गोरेगाव

उत्तर: बरंच बिघडतं. जाळल्यावर जवळजवळ सगळा कार्बन काही मिनिटांत हवेत आणि धूर घराघरांत. कुजताना काही भाग ह्युमस, म्हणजे कुजून उरलेला काळसर भाग, होऊन मातीच्या चिकण कणांना धरून वर्षानुवर्षं राहतो. कृपया जाळू नका, कोपऱ्यात खड्डा करा. मे महिन्यात तो कोरडा पडून कुजणं थांबतं तेव्हा अधूनमधून पाणी मारा नि वरखाली करा, आणि जुलैत वर पत्रा टाका, नाहीतर पाणी साचून हवा बंद होते आणि घाण वास सुटतो.